ओट्यावरच्या ग्रॅनाइटपासून जुन्या पर्वताच्या मुळापर्यंत: नाशिकच्या नवशिक्यांसाठी

अंजनेरीच्या पायथ्याशी उभं राहून वर पाहिलं की डोंगराचे थर बोटांनी मोजता येतात. एकावर एक, आडवे, पायऱ्यापायऱ्यांचे. लाव्ह्याचे हे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झाले आणि तेव्हापासून जवळजवळ तसेच पडून आहेत. त्यांना कुणी चेपलं नाही, त्यांच्या घड्या पडल्या नाहीत. आपला सह्याद्री झिजून, कोरला जाऊन डोंगर झालेला आहे. त्यामुळे जमिनीचे दोन तुकडे एकमेकांवर रेटले गेले की खडकांचं काय होतं, हे नाशिकच्या कुठल्याही किल्ल्यावर बघायला मिळत नाही.

तरीही हा विषय नाशिकमध्ये बसून शिकता येतो, आणि तो शिकावा असं मला मनापासून वाटतं. कारण आपल्या काळ्या कातळाखाली तेच जुनं जग आहे. किल्लारीला भूकंपानंतर भोक पाडलं तेव्हा ३३८ मीटर बेसाल्ट संपल्यावर थोडा गाळाचा थर आणि त्याखाली जुना पट्टेदार खडक लागला. कोयनेजवळच्या एका भोकात तो सुमारे ९३३ मीटरवर लागला. म्हणजे महाराष्ट्राच्या बऱ्याच भागाचं जोतं ग्रॅनाइट आणि नाइस (म्हणजे हाच पट्टेदार खडक) यांचं आहे, आणि ते जोतं कधीकाळी पर्वतांचं मूळ होतं.

आपला प्रश्न एकच आहे. जमिनीखाली खोलवर ग्रॅनाइटचा तप्त रस घुसत होता आणि तिथलेच खडक चेपले, ताणले, घसरवले जात होते. यात आधी काय झालं, नंतर काय झालं, की दोन्ही एकदमच चाललं होतं? पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नासाठी आहेत.

पहिली पायरी: ओटा

एक दहापट दाखवणारं भिंग घ्या, मोबाइलचा टॉर्च घ्या आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ जा. ओट्याला कडप्पा असेल तर उपयोग नाही, तो चुनखडीच्या जातीचा. ग्रॅनाइट नसेल तर शहरातल्या कुठल्याही फरशी-ग्रॅनाइटच्या दुकानात उभ्या लावलेल्या लाद्या बघा. दुकानातली मुलं लादीवर पाणी मारून रंग दाखवतात, तेव्हा दाणे सगळ्यात छान दिसतात.

तीन गोष्टी ओळखायच्या. गुलाबी किंवा दुधी, चौकोनी, टॉर्च तिरपा धरल्यावर सपाट आरशासारखा चमकणारा दाणा म्हणजे फेल्स्पार. राखाडी, काचेसारखी, आकार नसलेली, बाकीच्यांच्या मधली जागा भरून काढणारी ती गार, म्हणजे क्वार्ट्झ. काळे ठिपके बहुधा काळ्या अभ्रकाचे, कधी हॉर्नब्लेंड या दुसऱ्या काळ्या खनिजाचे. नाशिकच्या बेसाल्टमध्ये नुसत्या डोळ्यांना दाणे जवळजवळ दिसत नाहीत, कारण लाव्हा जमिनीवर आला आणि लवकर थंडावला. ग्रॅनाइट काही किलोमीटर खाली मुरत मुरत थंड होतो, म्हणून दाण्यांना वाढायला वेळ मिळतो.

दुकानातल्या नावांवर मात्र जाऊ नका. ब्लॅक गॅलेक्सी हा शास्त्राच्या हिशेबात ग्रॅनाइट नाहीच, तो आंध्रातल्या चिमकुर्तीचा गॅब्रोच्या जातीचा खडक आहे. कश्मीर व्हाइट काश्मीरचा नाही, तमिळनाडूचा आहे, आणि त्यातले लाल ठिपके गार्नेटचे आहेत. दुकानदाराचा यात दोष नाही. त्याच्या धंद्यात जे कठीण आणि पॉलिश घेतं ते सगळं ग्रॅनाइट. आपल्याला दाणे बघायचे आहेत.

दुसरी पायरी: दाणे कसे मांडलेत?

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून इथे थांबून, वेळ घेऊन बघा.

काही लाद्यांत चौकोनी फेल्स्पार कसेही, सगळ्या दिशांना तोंड करून पडलेले असतात. काहींमध्ये ते एका दिशेला लागलेले असतात. असं दिसलं की नवशिका लगेच म्हणतो, "खडक दाबला गेलाय." मीही असंच केलं होतं. कर्नाटकातल्या एका उघड्या खडकावर गुलाबी फेल्स्पार ओळीत दिसले आणि मी वहीत 'विरूपण', म्हणजे दाबाने खडकाचा आकार बदलणं, असं ठळक लिहून टाकलं. दोन तासांनी भिंग लावून मधली गार बघितली, ती अगदी धडधाकट होती. ते अख्खं पान खोडावं लागलं.

झालं असं की दाणे दोन वेगळ्या वेळी ओळीत लागू शकतात. शेवयांची खीर आठवा. पातेलं कलतं करून खीर वाटीत ओतताना शेवया धारेच्या दिशेला लागतात. त्यातली एकही शेवई मोडत नाही, वाकत नाही, कारण सभोवती दूध आहे आणि सगळा ताण दूधच घेतं. ग्रॅनाइटचं तसंच. रस अजून पुरेसा असताना तो वाहिला किंवा बाहेरून रेटला गेला तर आधीच तयार झालेले फेल्स्पार फिरून एका दिशेला लागतात. त्यांच्या कडा सरळ राहतात, कोपरे शाबूत राहतात, कधी ते कौलांसारखे एकमेकांवर रेलतात. मधली गार शेवटी गोठते, म्हणून तिला काही झालेलं नसतं.

आता तीच खीर रात्रभर ठेवून पार आळली आहे आणि तुम्ही ती डावाने रेटता आहात. शेवया वाकतात, तुटतात, चिरडतात. रस पूर्ण गोठल्यावर ग्रॅनाइट दाबला गेला तर आधी गार हार मानते. ती फितीसारखी लांबट होते, किंवा भिंगाखाली बारीक साखरेसारखी दाणेदार दिसते. फेल्स्पार तिच्यापेक्षा ताठ असतो. त्याचे कोपरे झिजून तो डोळ्यासारखा गोलसर होतो, दोन्ही बाजूंना शेपट्या फुटतात आणि अभ्रकाचे पापुद्रे त्याला वळसा घालून जातात. तापमान साधारण ४५० अंशांच्या खाली असेल तर तो वाकण्याऐवजी तडकतोच.

या दोन टोकांच्या मधली खूण सापडली तर ती जपून ठेवा. फेल्स्पारला तडा गेलेला आहे, पण त्या तड्यात शेवटच्या रसातून गोठलेली गार शिरून बसली आहे. म्हणजे दाणा मोडला तेव्हा आसपास रस शिल्लक होता. घुसणं आणि चेपणं एकाच वेळी चालू होतं, याचा याहून जवळचा साक्षीदार खडकात मिळत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. लादी म्हणजे खडकाचा एकच छेद. दाणे पत्त्यांच्या कॅटासारखे चपटे लागलेले असतील आणि करवत नेमकी त्या पत्त्यांना समांतर चालली असेल, तर लादीवर सगळं अस्ताव्यस्त दिसेल आणि तुम्ही फसाल. म्हणून लादीची कापलेली कड नेहमी बघा. दुकानात सिंकची जागा कापताना उरलेले तुकडे पडलेले असतात. हाताएवढा, जमेल तितका जाड तुकडा मागून घ्या आणि त्याच्या एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन बाजू ओल्या करून बघा. वहीत तिन्ही बाजूंची चित्रं काढा. एवढं आठवडाभर केलं तरी तुमची नजर बदलते.

तिसरी पायरी: काळे डाग

गिऱ्हाईक ज्या लादीवर काळा डाग असेल ती बाजूला ठेवतं. तुम्ही तीच मागा. गडद, बारीक दाण्यांचा तो गोळा म्हणजे ग्रॅनाइटच्या रसात मिसळलेला दुसरा, जास्त लोहाचा रस, किंवा आजूबाजूच्या खडकाचा तुटून पडलेला तुकडा.

पहिल्या जातीचे गोळे मूळचे साधारण गोलसर असतात, म्हणून ते मोजमापाला कामी येतात. द्राक्षांच्या कॅरेटमध्ये वरचे मणी गोल राहतात आणि तळाचे चपटे होतात. कुठला किती चपटा झाला यावरून वर किती भार होता याचा अंदाज येतो. गोळ्याची लांबी-रुंदी मोजायची, लांब बाजू कुठल्या दिशेला आहे ते लिहायचं आणि मग त्याच्या आसपासच्या ग्रॅनाइटची गार बघायची. गोळा चपटा, पण गार धडधाकट असेल, तर तो रस मऊ असतानाच ताणला गेला. दोन्ही चपटे असतील तर चेपणं नंतरही चालू राहिलं.

चौथी पायरी: कोण कुणाला कापतं?

१७८५ मध्ये जेम्स हटन स्कॉटलंडमधल्या ग्लेन टिल्टच्या नदीपात्रात गेला आणि जुन्या खडकांना चिरत गेलेल्या ग्रॅनाइटच्या शिरा त्याला दिसल्या. त्यावरून ग्रॅनाइट कधीतरी वितळलेला होता आणि ज्याला तो कापतो त्याच्यापेक्षा तो तरुण आहे, हे त्याने मांडलं. आजही शेतात, खाणीत, रस्त्याच्या कापात आपण हेच करतो.

याचा सराव नाशिकहून एका दिवसात होतो. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात लाव्ह्याचे थर चिरून वर आलेले २०० हून जास्त डाइक, म्हणजे फटीत रस गोठून झालेल्या दगडी भिंती, नोंदलेले आहेत. बरेचसे पूर्व-पश्चिमेच्या आसपास पळतात आणि मऊ खडक झिजल्यामुळे शेतांतून भिंतीसारखे उभे दिसतात. एका डाइकच्या कडेला बसा. कडेचे दाणे मधल्यापेक्षा बारीक का आहेत, भिंतीच्या दोन्ही बाजूंचा थर एका पातळीत जुळतो का, हे बघा. इथे खडकात फट पडली आणि रस शिरला. घड्या नाहीत, चिरडणं नाही. हे साधं रूप डोळ्यांत बसलं की गुंतागुंतीचं रूप वेगळं ओळखता येतं.

गुंतागुंतीचं रूप बघायला बंगळुरूचं लालबाग उत्तम. बागेतला तो उघडा खडक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, सुमारे ३०० कोटी वर्षांचा. १९१६ मध्ये डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी या जातीच्या खडकांना 'पेनिन्सुलर नाइस' हे नाव दिलं. अशा खडकांत पांढऱ्या-करड्या पट्ट्यांमध्ये ग्रॅनाइटी शिरांच्या अनेक पिढ्या असतात. काही पट्ट्यांबरोबर घड्या पडलेल्या, काही घड्यांना सरळ कापून गेलेल्या. घडी पडलेली शीर चेपण्याआधीची, न वाकता कापून जाणारी नंतरची. चेपणं या दोघींच्या वयांच्या मधलं.

या नियमात एक सापळा आहे. शेजारशेजारच्या दोन शिरा, एक नागमोडी आणि एक सरळ, एकाच वयाच्या असू शकतात. दाब ज्या दिशेने आला त्या दिशेला लांब असलेली शीर आखडते आणि तिला घड्या पडतात. त्या दाबाला आडवी असलेली शीर ताणली जाते, आणि शेवग्याच्या शेंगेसारखी मधे मधे फुगलेली, मधे मधे बारीक दिसते, कधी तुकड्यातुकड्यांत तुटते. म्हणून शीर सरळ दिसली की आधी दिशा लिहा, ती कुठे बारीक झाली आहे का ते शोधा, आणि मगच 'नंतरची' म्हणा.

पाचवी पायरी: दोघं एकमेकांना ओढतात ते कसं?

इथपर्यंत आपण खुणा वाचल्या. आता त्यामागची यंत्रणा.

दोन भूखंड धडकले की कवच जाड होतं. खडकांतल्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमची उष्णता आत साठत जाते आणि एक-दोन कोटी वर्षांत खालचा भाग चांगलाच तापतो. पाणी भरपूर असेल तर ६५०-७०० अंशांना गार आणि फेल्स्पार मिळून वितळू लागतात. नसेल तर आधी पांढरं अभ्रक साधारण ७००-७५० अंशांना आणि मग काळं अभ्रक ८०० च्या पुढे फुटून आपल्या अंगातलं पाणी सोडतं, आणि त्यातून रस तयार होतो.

खडक पूर्ण वितळावा लागत नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. प्रयोगांतून दिसतं की साधारण ७ टक्के रस झाला, दाण्यांच्या सांधींतली त्याची जाळी जुळली, की खडकाची ताकद कोसळते. अजून ९३ टक्के दगड आहे, पण तो घसरू लागतो. जिथे रस तिथे खडक मऊ, जिथे मऊ तिथेच सगळं विरूपण गोळा होतं. आणि विरूपणामुळे घड्यांच्या टोकांशी, तुटलेल्या शिरांच्या मानेशी, घसरपट्ट्यांत (खडक एकमेकांवरून घसरतात त्या पट्ट्यांत) कमी दाबाच्या जागा होतात, रस पिळला जाऊन तिकडेच धावतो. रसामुळे घसरणं वाढतं आणि घसरण्यामुळे रसाला वाट मिळते. कुणी आधी सुरुवात केली हे अशा ठिकाणी विचारण्यात अर्थ राहत नाही.

पण ग्रॅनाइट गोठला की चित्र उलटतं. गुळाचा पाक गरम असताना कसाही ओढला जातो आणि निवाल्यावर दात लागू देत नाही. गोठलेला ग्रॅनाइट आजूबाजूच्या अभ्रकी, पापुद्र्यांच्या खडकांपेक्षा ताठ असतो. पुढचा दाब आला की तो स्वतः फारसा चेपला जात नाही. शेजारचे पापुद्रे त्याला वळसा घालतात, आणि घसरणं त्याच्या कडेवर साठतं. म्हणून एकाच ग्रॅनाइटच्या पोटात खिरीसारखी मांडणी आणि कडेला चिरडलेली गार, असं दोन्ही सापडतं. पोट बघणारा आणि कड बघणारा दोघं भांडत बसतात, दोघांचंही बरोबर असतं. मी तर म्हणेन की ग्रॅनाइटच्या मधून कडेपर्यंत चालत गेल्याशिवाय त्याच्याबद्दल एक वाक्यही लिहू नये.

कडेला आणखी एक जुळी खूण सापडते. १९७९ मध्ये फ्रान्समधल्या दक्षिण आर्मोरिकन घसरपट्ट्यातल्या ग्रॅनाइटांवरून ती नीट मांडली गेली. एका प्रकारच्या पातळ्यांवर दाणे चपटे झालेले, दुसऱ्या प्रकारच्या पातळ्यांवर खडक घसरलेला, आणि दोन्हींमध्ये कोन. घसरणं वाढत गेलं की हा कोन कमी होतो. कोनाच्या बाजूवरून कुठला भाग कुठे सरकला हे कळतं. ओट्याच्या लादीत ही खूण क्वचित मिळते, मिळाली तर फोटो काढून ठेवा.

आणि एवढा रस शिरतो तेव्हा आधीचा खडक जातो कुठे, हा जागेचा प्रश्न शंभर वर्षांहून जास्त वादाचा आहे. छत वर उचललं जातं, छताचे तुकडे रसात बुडतात, बाजू ढकलल्या जातात, किंवा घसरपट्टाच ताणला जाऊन जागा करून देतो. बहुतेक ठिकाणी यातलं थोडं थोडं सगळंच घडलेलं असतं.

सहावी पायरी: आपल्याकडची तीन उदाहरणं

कर्नाटकातला क्लोजपेट ग्रॅनाइट. क्लोजपेट हे रामनगरचं जुनं नाव. हा पट्टा उत्तर-दक्षिण सुमारे ४०० किलोमीटर लांब, पण रुंदी जेमतेम २०-३० किलोमीटर, वय सुमारे २५२ कोटी वर्षं. एवढी लांब, अरुंद अंगकाठीच सांगते की तो घसरणाऱ्या पट्ट्यांतून, विरूपण चालू असताना वर आला. पुढे कवच कललं आणि दक्षिणेकडे खोलचा, उत्तरेकडे उथळ भाग उघडा पडला. दक्षिणेहून उत्तरेला जाणं म्हणजे जुन्या पर्वताच्या मुळापासून वर चढणं.

लडाख. लेहच्या भोवतालचा करडा ग्रॅनाइटी खडक मुख्यतः भारत आशियाला धडकण्याआधीचा, समुद्राचा तळ आशियाखाली जात होता तेव्हाचा. टक्कर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीची.

आणि गंगोत्री. गोमुखाच्या वर तपोवनातून दिसणारं ६५४३ मीटरचं शिवलिंग आणि समोरची भागीरथी शिखरं पांढुरक्या, टुर्मलिन हे काळं खनिज असलेल्या ग्रॅनाइटची आहेत. तो दोन-सव्वादोन कोटी वर्षांपूर्वीचा, धडकेनंतर जाड झालेल्या कवचाच्या वितळण्यातून आलेला. भागीरथीच्या भिंतीवर पांढऱ्या ग्रॅनाइटवर काळ्या जुन्या खडकाची टोपी नुसत्या डोळ्यांनी दिसते. तो छताचा उरलेला तुकडा.

ही वयं येतात झिरकॉन या खनिजातून. रस गोठताना हा बारीक दाणा युरेनियम आत घेतो आणि शिसं जवळजवळ घेतच नाही. नंतर आत सापडणारं शिसं युरेनियमच्या क्षयातूनच आलेलं. एका जातीच्या युरेनियमचं अर्धं होण्याचा काळ ४४७ कोटी वर्षं, म्हणून इतकं जुनं घड्याळ चालतं. पण झिरकॉन रस गोठल्याची वेळ सांगतो, चेपल्याची नाही. चेपणं आधीचं की नंतरचं हे दुसऱ्या आणि चौथ्या पायरीवरच ठरतं. प्रयोगशाळेचा आकडा हातात आला तरी भिंग खिशातून काढावंच लागतं.

सातवी पायरी: प्रत्यक्ष जाणं

पहिल्या सहलीला मी हंपी सुचवेन, डिसेंबर-जानेवारीत. सुमारे २५० कोटी वर्षांचे ग्रॅनाइटी धोंडे तिथे पावलोपावली आहेत. सोबत भिंग, पाण्याची बाटली, होकायंत्र, पट्टी आणि कोऱ्या पानांची वही. हातोडी घरी ठेवा. हंपी १९८६ पासून जागतिक वारसा आहे आणि लालबागेचा खडक स्मारक आहे. दोन्ही ठिकाणी खडकाला ओरखडाही नको, आणि झिजलेल्या, पावसाने धुतलेल्या पृष्ठभागावर दाणे ताज्या फोडीपेक्षा चांगले दिसतात.

खडकाजवळ पोचलात की आधी दहा पावलं लांब उभं राहून चित्र काढा. शिरा कुठून कुठे जातात, पट्टे आहेत का, डाग कुठे आहेत. मग जवळ जाऊन पाणी मारा आणि फेल्स्पारची दिशा होकायंत्राने मोजा, एकाची नाही, निदान वीस-पंचवीस दाण्यांची. फोटोत शेजारी नाणं ठेवा आणि उत्तर दिशा दाखवा. वहीत 'दिसलं' आणि 'वाटलं' असे दोन रकाने करा, आणि पहिल्या दिवशी दुसरा रकाना रिकामाच राहू द्या.

संध्याकाळी ऊन कलल्यावर त्याच धोंड्याकडे परत या. डोकं हळूहळू डावी-उजवीकडे हलवत खडकाकडे बघत राहा. फेल्स्पार कसेही पडलेले असतील तर इथे एक, तिथे एक लुकलुकतो. ते ओळीत लागलेले असतील तर एका विशिष्ट कोनात, एकदमच, अख्ख्या पृष्ठभागावरचे शेकडो दाणे चमकतात आणि मान जराशी वळवली की एकदमच विझतात. तो कोन वहीत टिपून घ्या, आणि त्याच्या शेजारी गार कशी होती तेही.